जहाजं वाढली, पण निघायला तयार किती? नौदलाचा हिशोब आपणही समजून घेऊ

नौदलात नवी युद्धनौका दाखल झाली की गावोगावच्या ग्रुपवर फोटो फिरायला लागतात. खाली अंगठे, तिरंगे, जय हिंद. अभिमान वाटावा अशीच गोष्ट आहे, त्यात वाद नाही. पण फोटोत फक्त जहाज दिसतं. त्याचं इंजिन कुठल्या देशाचं, त्यावर उतरणारं हेलिकॉप्टर आहे का, दुरुस्तीला किती दिवस जातात, हे फोटोत येत नाही. आणि ताकदीचा खरा हिशोब तिथंच असतो. एखाद्या घरी आरसी बुकावर ट्रॅक्टर तीन, पण पेरणीच्या दिवशी सुरू होणारा एकच असेल, तर त्या घरी ट्रॅक्टर किती म्हणायचे? देशाच्या नौदलालाही हाच प्रश्न विचारायला हवा.

समुद्र लांब आहे, पण खत तिथूनच येतं

कुणी म्हणेल, आपल्याला त्याचं काय? आपल्या तालुक्यातून समुद्र दिसतही नाही. पण वजनाच्या हिशोबानं बघितलं तर देशाचा ९० टक्क्यांहून जास्त परदेशी व्यापार जहाजानं होतो. डिझेलचं कच्चं तेल बहुतांश बाहेरून येतं. स्वयंपाकाच्या गॅसचा निम्म्याहून जास्त भाग बाहेरचा. पोटॅश तर जवळपास सगळंच बाहेरून. आणि आपला कांदा, द्राक्षं न्हावा-शेव्याच्या जेएनपीए बंदरातून कंटेनरमध्ये बसून परदेशी जातात.

नोव्हेंबर २०२३ पासून येमेनच्या हुथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात व्यापारी जहाजांवर हल्ले सुरू केले, तेव्हा याची झळ नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागायतदारांना थेट बसली. सुएझ कालव्याची वाट सोडून जहाजं आफ्रिकेला वळसा घालून युरोपात जायला लागली. दोन आठवड्यांच्या आसपास जादा प्रवास, भाडं वाढलेलं आणि नाशवंत माल. त्याच डिसेंबरात 'केम प्लुटो' या तेलवाहू जहाजावर गुजरात किनाऱ्यापासून काही शे किलोमीटरवर ड्रोन येऊन आदळला. म्हणजे भानगड आपल्या अंगणापर्यंत आली होती.

चाळीस तासांची मोहीम काय सांगते

त्या काळात आपल्या नौदलानं दहाच्या वर युद्धनौका अरबी समुद्रात आणि एडनच्या आखाताकडं पाठवल्या. जानेवारी २०२४ मध्ये 'मार्लिन लुआंडा' या जहाजावर क्षेपणास्त्र पडून आग लागली. त्यावर २२ भारतीय खलाशी होते. आयएनएस विशाखापट्टणम मदतीला धावली आणि आग विझवायला तिचे जवान त्या जहाजावर चढले.

मार्च २०२४ मधली 'रुएन' जहाजाची सुटका तर जगभर गाजली. सोमाली चाच्यांनी पळवलेलं हे जहाज आपल्या किनाऱ्यापासून सुमारे २,६०० किलोमीटरवर होतं. आयएनएस कोलकातानं त्याला गाठलं. वरून पी-८आय हे टेहळणी विमान आणि लांब उडणारं ड्रोन नजर ठेवून होतं. हवाई दलाच्या सी-१७ विमानातून मार्कोस कमांडो आणि त्यांच्या होड्या समुद्रात उतरवल्या. चाळीस तासांनी ३५ चाचे शरण आले आणि १७ खलाशी सुखरूप सुटले. कोलकाता ही विनाशिका आपल्या मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेली आहे.

यातून दोन गोष्टी ध्यानात घ्या. पहिली, हे काम एकट्या जहाजाचं नव्हतं. जहाज, विमान, ड्रोन, कमांडो असा सगळा संच लागला. त्यातलं एक नसतं तर बाकीचं अडलं असतं. दुसरी, एवढं करूनही द्राक्षाच्या जहाजांचा वळसा काही वाचला नाही. चाच्यांना पकडणं वेगळं आणि जमिनीवरून येणारी क्षेपणास्त्रं थांबवणं वेगळं. नौदल असलं म्हणजे सगळं भागलं, असं नसतं.

वाढ खरी आहे

आधी जमेची बाजू. १५ जानेवारी २०२५ ला मुंबईत एकाच दिवशी तीन नौका दाखल झाल्या. सुरत ही विनाशिका, नीलगिरी ही फ्रिगेट आणि वागशीर ही पाणबुडी. तिन्ही माझगाव डॉकच्या. विनाशिका म्हणजे विमान, जहाज, पाणबुडी अशा तिन्ही शत्रूंशी लढणारं मोठं जहाज. फ्रिगेट तिच्यापेक्षा थोडी लहान. जून २०२५ मध्ये आलेल्या उथळ पाण्यातल्या पाणबुडीविरोधी नौकेला आपल्या वसईजवळच्या किल्ल्याचं नाव मिळालं, अर्नाळा. ऑगस्टमध्ये उदयगिरी आणि हिमगिरी या दोन फ्रिगेट विशाखापट्टणमला दाखल झाल्या.

विमानवाहू जहाजं दोन आहेत. रशियाकडून घेतलेलं विक्रमादित्य आणि कोचीत बांधलेलं विक्रांत. विक्रांत २६२ मीटर लांब आहे. म्हणजे कबड्डीची वीस मैदानं लांबीनं एकापुढं एक मांडा, तेवढं. सगळं मिळून नौदलाकडं सुमारे १४० जहाजं आणि पाणबुड्या आहेत आणि २०३५ पर्यंत १७५ चं लक्ष्य आहे. शेजारी चीनकडं ३७० हून जास्त आहेत आणि तिसरं विमानवाहू जहाज त्यांनी नोव्हेंबर २०२५ मध्ये दाखल करून घेतलं. आकड्यात आपण चीनला लगेच गाठणार नाही. म्हणून जे आहे ते रोज चालू स्थितीत असणं जास्त महत्त्वाचं.

कोंबडी चार आण्याची, मसाला बारा आण्याचा

विक्रांतला सुमारे २०,००० कोटी रुपये लागले. त्यावरून उडवायला फ्रान्सची २६ राफेल मरीन विमानं घेण्याचा करार एप्रिल २०२५ मध्ये झाला, तो सुमारे ६३,००० कोटींचा. त्यात शस्त्रं, प्रशिक्षण, देखभाल सगळं धरलेलं आहे. तरी जहाजाच्या तिप्पट खर्च त्यावरच्या विमानांचा झालाच. ही विमानं २०३० पर्यंत यायची आहेत. विक्रांत दाखल झालं २०२२ मध्ये. तोवर रशियन मिग-२९के वर काम चालवायचं.

मिगचं रेकॉर्ड काय? कॅगनं २०१६ च्या अहवालात लिहिलंय की ही विमानं उड्डाणाला तयार असण्याचं प्रमाण १५.९३ ते ३७.६३ टक्के होतं. म्हणजे दहा विमानं असतील तर कधी दोनसुद्धा धड नाहीत, कधी जेमतेम चार. अहवालाला आता बरीच वर्षं झाली. पण खरेदीची यादी आणि तयार विमानांची यादी यात केवढं अंतर पडू शकतं, ते यातून कळतं.

हेलिकॉप्टरचंही तेच. पाणबुडी शोधायची तर युद्धनौकेवर हेलिकॉप्टर हवंच. ते पुढं जाऊन पाण्यात आवाज ऐकण्याचं यंत्र सोडतं. अमेरिकेकडून २४ सीहॉक घ्यायचा करार २०२० मध्ये झाला आणि पहिलं पथक मार्च २०२४ मध्ये कोचीत उभं राहिलं. यंत्र उत्तम आहे. पण विनाशिका आणि फ्रिगेट मिळूनच पंचविसाच्या वर आहेत आणि बऱ्याच जणींवर दोन हेलिकॉप्टरांची जागा आहे. हिशोब तुम्हीच करा. आणि साठच्या दशकापासूनची चेतक हेलिकॉप्टरं अजून कामाला जुंपलेली आहेत.

खुकरीचा धडा

पाणबुडीचा एवढा धसका का घ्यायचा? ९ डिसेंबर १९७१ ला दीवजवळ पाकिस्तानच्या 'हंगोर' पाणबुडीनं आपली आयएनएस खुकरी बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ खलाशी गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबरच गेले. चारच दिवस आधी आपल्या क्षेपणास्त्र नौकांनी कराची पेटवली होती, त्याचा आनंद देशभर होता. तरी एका पाणबुडीनं असा घाव घातला.

आता पाकिस्तान चीनकडून आठ नव्या पाणबुड्या घेतोय आणि त्यांना नाव दिलंय हंगोर. त्यांना बॅटरी चार्ज करायला आपल्या पाणबुड्यांसारखं वरचेवर पृष्ठभागाजवळ यावं लागणार नाही, अशी सोय त्यांच्यात आहे. आपल्या कलवरी वर्गाच्या सहा पाणबुड्यांचा करार २००५ चा. पहिली आली २०१७ मध्ये आणि सहावी, म्हणजे वागशीर, २०२५ मध्ये. सहा पाणबुड्यांना वीस वर्षं. तशी सोय आपल्या पाणबुड्यांना बसवण्याचं काम आता कुठं हातात घेतलंय. अणुशक्तीवरच्या अरिहंत आणि अरिघात आहेत, पण त्यांचं काम अण्वस्त्रांचा धाक ठेवण्याचं. रोजच्या पहाऱ्याला साध्या पाणबुड्याच लागतात आणि त्यातल्या बऱ्याच जुन्या झाल्यात.

एक सुरुंग आणि बंद बंदर

सगळ्यात मोठी उणीव मात्र फोटोत कधीच दिसणार नाही, कारण ती नौकाच नाही. बंदराच्या तोंडाशी शत्रूनं पाण्यात सुरुंग पेरले तर ते शोधून निकामी करणाऱ्या खास नौका असतात, माईनस्वीपर म्हणतात त्यांना. सुरुंग लोखंडाच्या चुंबकत्वावर नाहीतर पंख्याच्या आवाजावर फुटतो. म्हणून या नौकांचा सांगाडा लाकूड किंवा फायबरचा करतात. आपली शेवटची अशी नौका २०१९ मध्ये निवृत्त झाली. गोवा शिपयार्डमध्ये कोरियन कंपनीच्या मदतीनं बारा नौका बांधायची बोलणी २०१८ मध्ये फिसकटली. जुलै २०२५ मध्ये संरक्षण मंत्रालयाच्या खरेदी परिषदेनं या नौकांना पुन्हा मंजुरी दिली. पण मंजुरी म्हणजे नौका नव्हे. त्यानंतर निविदा, करार, बांधणी, चाचण्या.

सुरुंग ही स्वस्तातली वस्तू आहे. एक जहाज जरी उडालं तरी विमा कंपन्या दर वाढवतात आणि जहाज मालक त्या बंदराकडं फिरकत नाहीत. मुंबई आणि न्हावा-शेवा दोन्ही बंदरांची वाट एकाच खाडीच्या तोंडातून जाते. ती वाट आठवडाभर जरी बंद पडली तर कांद्याचे कंटेनर कुठं उभे राहतील, याचा विचार करा.

विहिरीवरचं इंजिन ते जहाजावरचं इंजिन

जहाज आपलं, पण काळीज कुणाचं? कोलकाता, सुरत या विनाशिकांची गॅस टर्बाईन युक्रेनची आहेत. विक्रांत आणि नीलगिरीची अमेरिकन. रशियात बांधलेल्या आणि २०२४-२५ मध्ये दाखल झालेल्या तुशील आणि तमाल या फ्रिगेटना इंजिनं युक्रेनची. ते दोन देश एकमेकांशी लढत असताना आपली जहाजं दोघांच्या सामानावर पूर्ण झाली. आपल्या लोकांनी हे निभावलं, ते कौतुकाचंच. पण सुटा भाग ज्याच्या हातात, दोरी त्याच्या हातात.

म्हणून एप्रिल २०२५ मधली एक छोटी बातमी मला मोठी वाटते. नौदलानं पुण्याच्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सला ६ मेगावॅटचं सागरी डिझेल इंजिन तयार करायला सांगितलं. खर्च २७० कोटी, त्यातले ७० टक्के सरकार देणार. ६ मेगावॅट म्हणजे साधारण आठ हजार हॉर्सपॉवर. आपल्या पाच हॉर्सपॉवरच्या सोळाशे मोटारी एकत्र केल्यावर होईल तेवढी ताकद. ज्या नावाचं इंजिन आपल्या आज्याच्या विहिरीवर धडधडायचं, त्याच नावाचं इंजिन युद्धनौकेत बसलं तर सुट्या भागासाठी परदेशाच्या दारात उभं राहावं लागणार नाही. या बातमीचा फोटो मात्र कुठल्या ग्रुपवर फिरला नाही.

शेवटी माणूस

जुलै २०२४ मध्ये मुंबईच्या नौदल गोदीत दुरुस्तीला लागलेल्या आयएनएस ब्रह्मपुत्रला आग लागली आणि जहाज एका बाजूला कलंडलं. एका खलाशाचा जीव गेला. २०१३ मध्ये याच गोदीत सिंधुरक्षक पाणबुडीत स्फोट होऊन १८ जण गेले होते. लढाई नसताना, धक्क्याला बांधलेल्या अवस्थेत हे घडलं. दुरुस्ती हे दुय्यम काम नाही, तिथं मुरलेली माणसं लागतात.

इथं आपल्या गावांचा संबंध येतो. आपली पोरं अग्निवीर म्हणून नौदलात जातायत. दहावीवर एक भरती, गणित-भौतिकशास्त्र घेऊन बारावी झालेल्यांसाठी दुसरी. ओडिशात आयएनएस चिल्काला प्रशिक्षण होतं. इंजिनाचं शिक्षण आपल्या लोणावळ्यात, आयएनएस शिवाजीला. पहिली तुकडी मार्च २०२३ मध्ये चिल्काहून बाहेर पडली. चार वर्षांनी २५ टक्क्यांपर्यंत लोक कायम ठेवायचे, असा नियम आहे. टर्बाईन, सोनार, क्षेपणास्त्र यावर हात बसायलाच दोन-तीन वर्षं जातात. हात बसला की त्यातले बहुतेक घरी. यात पोराचं नुकसान आहे आणि जहाजाचंही. कायम ठेवण्याचं प्रमाण वाढवायचं की नाही, यावर सरकारला विचार करावा लागेल. आणि जे बाहेर पडतील त्यांची हातातली विद्या माझगाव डॉकसारख्या गोद्यांत आणि इंजिन कारखान्यांत कशी वापरता येईल, हेही आत्ताच ठरवायला पाहिजे.

तेव्हा पुढच्या वेळी नव्या जहाजाचा फोटो आला की अंगठा जरूर द्या. सोबत आपल्या खासदारांना तीन गोष्टी विचारा. माईनस्वीपरचा करार कुठवर आला? हेलिकॉप्टरांची पुढची खरेदी कधी? आणि आपल्या तालुक्यातून गेलेल्या अग्निवीरांचं चार वर्षांनंतर काय? संसदेत प्रश्न विचारायचा हक्क त्यांना आहे, आणि त्यांना तिथं आपणच पाठवलंय.