भूलतज्ज्ञ आहेत, तरी सराव हवाच

मुंबईत कांदिवलीतल्या चारकोपच्या सेक्टरांमधून फिरताना तळमजल्यावरच्या गाळ्यांत दाताचे दवाखाने जागोजागी दिसतात. एक खुर्ची, एक डॉक्टर, एक मदतनीस आणि दाराशी फोन घेणारी ताई, एवढाच पसारा. अशा ठिकाणी घाबरलेल्या मुलाची दाढ गुंगी देऊन काढायची, तर भूलतज्ज्ञांना बाहेरून बोलवावं लागतं. मग सगळ्यांनी मिळून आणीबाणीचा सराव करायचा विषय निघाला की तीन आक्षेप हमखास पुढे येतात.

पहिला आक्षेप, ‘भूलतज्ज्ञ आहेत ना!’ ते हवेतच. पण मुलाचा श्वास अडला की तोंडातलं रक्त-पाणी सक्शननं ओढायचं, जबडा पुढे उचलून धरायचा, हातानं दाबायच्या आंबू बॅगनं श्वास द्यायचा आणि औषध भरायचं, हे सगळं एकदमच करावं लागतं. एकट्याचे हात कुठवर पुरणार? अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि बालदंतवैद्यांच्या संघटनांनी २०१९ मध्ये सांगितलं, की मुलांना गाढ गुंगी द्यायची तर भूल देणारा वेगळा हवा आणि दात काढणाऱ्या डॉक्टरनंही मुलांचे प्राण वाचवण्याचं प्रशिक्षण घेतलेलं हवं.

दुसरा, ‘आम्ही हलकीच गुंगी देतो.’ मिडाझोलाम या गुंगीच्या औषधाच्या ज्या डोसानं एक मूल नुसतं शांत होतं, त्यानंच दुसऱ्याचा श्वास मंदावू शकतो. त्यात दाताचं काम चालतं श्वासाच्या वाटेवरच. ऑक्सिजन लावलेला असेल, तर श्वास थांबल्यावरही ऑक्सिमीटरचा आकडा काही वेळ चांगलाच दिसतो. म्हणून आकड्याबरोबर छातीची हालचाल पाहणारं माणूस लागतं.

तिसरा, ‘१०८ आहे, शताब्दी रुग्णालयही जवळच आहे.’ १०८ ही रुग्णवाहिका सेवा राज्यात २०१४ पासून आहे, ती बोलवायचीच. पण प्राणवायू तुटला तर चार-पाच मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. संध्याकाळच्या गर्दीत चारकोपहून लिंक रोड ओलांडून एस. व्ही. रोडवरचं शताब्दी गाठायचं, तर ही मिनिटं रस्त्यातच संपतील.

मग करायचं काय? सराव करायचा, तोही आपल्याच गाळ्यात, आपल्याच खुर्चीवर.

भिंतीवरचं प्राण वाचवण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र जमिनीवर ठेवलेल्या पुतळ्यावर मिळवलेलं असतं. दाताची खुर्ची छाती दाबताना हलते; ती आडवी करून तिच्या पाठीखाली स्टूल सरकवलं की दाब नीट बसतो. मिनिटाला १०० ते १२० वेळा, मोठ्या माणसाची छाती किमान ५ सेंटीमीटर खाली जाईल असं दाबताना हात लवकर भरून येतात. दुसऱ्यानं कधी पुढे व्हायचं, हे आधीच ठरलेलं हवं. १०८ कोण लावणार, सिलिंडरची चावी कुठे आहे, मिडाझोलामवरच्या फ्लुमाझेनिल या उताऱ्याची मुदत संपली तर नाही ना, हे सरावातच कळतं. फोन घेणाऱ्या ताईलाही त्यात काम हवं.

यात वेळ जातो, हे खरं. तरी महिन्यातून अर्धा तास दवाखान्याचं दार लावून घेणं अशक्य नाही.

पालकांनीही संमतिपत्रावर सही करण्याआधी एकच विचारावं, ‘भूलतज्ज्ञांसह तुमच्या सगळ्यांचा शेवटचा सराव कोणत्या तारखेला झाला?’ तारीख सांगता आली नाही, तर मुलाला गुंगी देऊ देऊ नये.