गंज युद्धघोषणेची वाट पाहत नाही

10 ऑगस्ट 1763. ऐन पावसाळ्यात, बीड जिल्ह्यातील राक्षसभुवन येथे गोदावरीच्या काठी थोरल्या माधवराव पेशव्यांनी निजामाच्या सैन्याचा दणदणीत पराभव केला. निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर तेथेच पडला. या विजयाचे स्मरण करताना तलवार चालविणाऱ्या हातांचा गौरव होतो, आणि तो व्हायलाच हवा. परंतु दमट हवेत तलवारीची धार टिकावी, बंदुकीची दारू कोरडी राहावी म्हणून आधी राबलेले हात कोणाला आठवतात?

हे विस्मरणच आजच्या संरक्षणविचारातील मोठा दोष आहे. नवी युद्धनौका वा नवे विमान दाखल झाले की छायाचित्रे झळकतात, किमतीचे आकडे उच्चरवाने सांगितले जातात. दहा वर्षांनी ते शस्त्र सज्ज असेल की गंजलेले, हा प्रश्न मात्र अडगळीत पडतो.

स्वराज्याची परंपरा अशी नव्हती. रामचंद्रपंत अमात्यांनी 1715 च्या सुमारास सिद्ध केलेल्या आज्ञापत्रात दारूखाना वस्तीपासून दूर ठेवण्याचा आणि आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने दारूची मडकी बाहेर काढून त्यांना ऊन देण्याचा दंडक आहे. संकट येण्यापूर्वीची काळजी तेव्हा राजनीतीचाच भाग होती.

‘आधी शस्त्र तर येऊ द्या, गंजाचे पुढे पाहू’ असे म्हणणाऱ्यांनी अमेरिकेचा अनुभव पाहावा. तेथील एफ-22 या अत्याधुनिक विमानावर 2005 मध्येच गंज दिसू लागला. ऑक्टोबर 2007 पर्यंत त्याची 534 उदाहरणे नोंदली गेली. पत्र्यांच्या फटी बुजविण्यासाठी वापरलेला विद्युतवाहक पदार्थ ॲल्युमिनियमशी विजोड होता. असे दोन पदार्थ ओलाव्यात एकत्र आले की त्यांतील एक झिजू लागतो. पाण्याच्या निचऱ्याची छिद्रेही अपुरी होती. दुरुस्तीचा खर्च 22 कोटी 80 लाख डॉलरच्या घरात गेला. हाच धडा घेऊन एफ-35 च्या आराखड्यात बदल करावे लागले. गंजापायी त्या देशाच्या संरक्षण खात्याला दरवर्षी सुमारे 20 अब्ज डॉलर मोजावे लागतात. श्रीमंत राष्ट्राला हा भुर्दंड परवडेल. पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्या भारताला तो कसा परवडावा?

बीडच्या कोरड्या हवेत टिकणारे लोखंड मुंबईच्या खाऱ्या वाऱ्यात लवकर सडते. म्हणून कोणते शस्त्र कोठे राहणार, हे आराखड्याच्या पहिल्या रेघेपूर्वीच ठरले पाहिजे. धातूंची निवड, लेप, पाण्याचा निचरा, तपासणीसाठी हात पोहोचेल अशी जागा, या सर्वांच्या अटी खरेदीच्या करारातच हव्यात. अंबरनाथच्या नौदल साहित्य संशोधन प्रयोगशाळेत याच विषयाचे ज्ञान आहे. त्या तज्ज्ञांना गंज चढल्यावर पाचारण करण्याऐवजी आराखड्याच्या बैठकीत मानाचे आसन मिळाले पाहिजे. निव्वळ कमी किमतीवर भाळून घेतलेले शस्त्र पुढे दुप्पट महाग पडते.

खंडेनवमीला घरोघरी शस्त्रे आणि अवजारे स्वच्छ करून पुजली जातात. दसऱ्यानंतर ऊसतोडीला निघणारा बीडचा कामगारही कोयत्याची धार आधी पाहतो, मग गाडीत बसतो. त्याला जे कळते, ते राष्ट्राच्या शस्त्रागाराला कळू नये काय? पूजेची फुले दुसऱ्या दिवशी कोमेजतात. त्यामागील निगा वर्षभर चालली, तरच शस्त्रपूजनाला अर्थ आहे.