रोजा ठेवा, काचबिंदूचे थेंब थांबवू नका

रमजानचा चाँद दिसायच्या आत एवढं वाचून घ्या. घरात काचबिंदूचं कुणी असेल तर त्यांनाही वाचून दाखवा.

दरवर्षी ईद झाली की दवाखान्यात शिरखुर्म्याचे डबे येतात, आणि औषधाच्या बाटल्याही. एका आजींच्या बाटलीचं सीलसुद्धा फोडलेलं नव्हतं. "रोजा तुटला असता ना, डॉक्टर." डोळ्याचा दाब चांगलाच चढला होता. बहुतेकांचा काचबिंदू दुखत नाही, खुपत नाही. नजर कडेकडेने जाते आणि गेलेली परत येत नाही.

रोजा कशाने तुटतो हे सांगणारा मी कोण? पण १९९७ साली जेद्दात भरलेल्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने ठराव केला आहे की डोळ्यांतल्या थेंबांनी रोजा तुटत नाही. घशाशी आलेलं औषध गिळू नये, इतकंच. हनफी मत तेच, कोकणातल्या शाफईंचंही तेच. शंका उरलीच तर आपल्या मौलानांना विचारा, पण बाटली बंद करण्याआधी. थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं बोटाने दाबून धरा. औषध घशात फारसं उतरत नाही, आणि डोळ्याला जास्त मिळतं.

रात्री एकदाच घालायचे थेंब तरावीहनंतर घाला. दोनदाचे असतील तर सहरी आणि इफ्तारला. दिवसातून तीनदा असतील तर वेळ डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

सहरीला अजान होईल या घाईत तांब्याभर पाणी एका दमात पिऊ नका. काचबिंदूची एक जुनी चाचणी नेमकी हीच आहे: लिटरभर पाणी भराभर पाजायचं आणि दाब किती चढतो ते बघायचं! इफ्तारपासून थोडं थोडं पीत राहा.

निरोगी डोळ्यांना रोजाने काही होत नाही. फार तर थोडे कोरडे पडतील. मधुमेह असेल तर मात्र सांभाळा. घाम फुटला, हात थरथरले, अंधुक दिसू लागलं तर लगेच साखर तपासा. ७०च्या खाली असेल तर रोजा सोडा. आजाऱ्याला तो नंतर पुरा करायची मुभा कुरआननेच दिली आहे.

जाता जाता, ईदचा सुरमा: पुष्कळ सुरम्यांत शिसं असतं. निदान लहान मुलांना लावू नका.

मशिदींच्या कमिट्यांना विनंती, रमजानआधीच्या जुम्म्याला थेंबांबद्दल दोन वाक्यं सांगा. आणि मुलांनो, सुनांनो, आजींची बाटली कपाटात नको. सहरीच्या दस्तरखानावर, खजुरांच्या वाटीशेजारी ठेवा.