खुराचे दुखणे तोबऱ्यात शोधा

घोडा बाळगणाऱ्या बंधूंनो, मार्गशीर्षात नंदुरबार जिल्ह्यात सारंगखेड्याचा घोडेबाजार भरतो. तिथे गिऱ्हाईक दात बघते, भोवरे बघते, रंग आणि चाल बघते. पण पाय उचलून खूर किती जण बघतात, खरं सांगा! पुढे खूर फुटला की बोल नालबंदाला. आमचे स्पष्ट मत असे, की खुराच्या बऱ्याच तक्रारी नालबंदाच्या हाती नसतात. त्या तोबऱ्यातून येतात.

खूर आपल्या नखासारखा वरून खाली वाढतो, महिन्याला साधारण ८ ते १० मिलिमीटर. पुढच्या टोकाशी नवा खूर पोचायला नऊ महिने ते वर्ष लागते. आज घातलेल्या चाऱ्याचे फळ पुढल्या वर्षी दिसणार. म्हणून बाजाराआधी महिनाभर खुराक चारून अंग भरेल, खूर सुधारणार नाही.

आपल्याकडे काय घालतात? वाळला कडबा आणि वर गव्हाचा कोंडा. कडब्यात प्रथिने थोडी आणि खूर तर प्रथिनांचाच बनतो. कोंड्यात फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम नावालाच. घोड्याला मात्र फॉस्फरसच्या दीडपट ते दुप्पट कॅल्शियम हवे. नुसत्या हत्तीगवतावर ठेवले तरी तीच गत, कारण त्यातले ऑक्झॅलेट कॅल्शियम अडवून धरते. यावर सोपा उपाय लसूणघासाचा. त्यात प्रथिनेही आहेत आणि कॅल्शियमही. एक वाफा घोड्यासाठी राखा. कोंडा कमी करा, मूठभर मीठ आणि स्वच्छ पाणी रोज द्या.

हिशेब असा धरा: शंभर किलो वजनामागे दिवसाला सुमारे दोन किलो कोरडा आहार आणि त्यात मोठा वाटा चाऱ्याचा. चंदी एका वेळी किलो-सव्वा किलोच्या वर नको. दोन-तीनदा विभागून द्या. घोडा धान्याच्या पोत्यावर सुटला, किंवा वरातीत पाहुण्यांनी गूळ-लाडू चारले, तर पोटात आंबोण होऊन खुराच्या आतली पकड सैल होते. घोडा पुढचे पाय पुढे टाकून अवघडून उभा राहतो. अशा वेळी नालबंदाकडे जाऊ नका. त्याच दिवशी पशुवैद्यकाला गाठा.

आणखी दोन गोष्टी. कोंबडीखाद्य घोड्याला कदापि घालू नका. काहींत मोनेन्सिन असते, त्याने घोडा दगावतो. दुसरे, बायोटिनचा उपयोग होतो, पण ते सहा ते नऊ महिने रोज द्यावे लागते. खनिजांच्या पुड्या मात्र सल्ल्याशिवाय नकोत. सेलेनियम जादा झाले तर खूर उलट फुटतात.

आता सरपंच, ग्रामसेवक आणि यात्रा समितीच्या मंडळींना विनंती. गाय-म्हशीच्या चाऱ्यावर शिबिरे होतात, घोड्याचे नावही निघत नाही. टांगेवाला, वरातीचा घोडेवाला, घोड्यावर बिऱ्हाड लादून हिंडणारा धनगर यांची चूल त्या चार खुरांवर पेटते. बाजारात पशुवैद्यकाचा एक मंडप आहाराच्या सल्ल्यासाठी लावा. लसूणघासाचे बियाणे वाटताना घोडेवाल्यांनाही यादीत घ्या. खर्च थोडा आहे. लंगडा घोडा मात्र मालकाला बसून खायला लावतो आणि शेवटी कवडीमोलाने जातो.