चांदी पाजायची, पण कोणाच्या जमिनीला?



कपाशीला युरिया पाजून झाला, विष पाजून झाले, टॉनिक पाजून झाले. आता चांदी पाजा म्हणतात. 'नॅनो सिल्व्हर'ची बाटली बाजारात आली आहे. पंपात टोपणभर टाका, करपा गेला, मर गेली! आणि भीती कसली? चांदीच ती. लेकराच्या पायात वाळे घालतो, मिठाईवर वर्ख लावतो.

वाळ्यातली चांदी आणि या बाटलीतली चांदी एक नव्हे. मिलिमीटरचे दहा लाख भाग केले की एक नॅनोमीटर. एक ग्रॅम चांदीचा ठोकळा सव्वा चौरस सेंटिमीटर अंग उघडे ठेवतो. त्याच एका ग्रॅमचे दहा नॅनोमीटरचे कण केले की उघडे अंग होते सुमारे 57 चौरस मीटर, म्हणजे अर्ध्या गुंठ्याहून जास्त! या उघड्या अंगावरून चांदीचे आयन सुटतात, जंतूंच्या प्रथिनांतल्या गंधकाला चिकटतात आणि त्यांचा श्वास बंद पाडतात. दवाखान्यात भाजलेल्या जखमेवर चांदीचे मलम लावतात ते यासाठीच. आमची त्याला ना नाही. जखमेत जंतू नकोच असतात.

पण शेत म्हणजे जखम नव्हे. युरियातल्या अमोनियाचे नायट्रेट करतात ते जंतूच, आणि चांदीने लवकर मरणाऱ्यांत त्यांचा नंबर वरचा. तुरी-मुगाच्या मुळांवरच्या गाठी जंतूंच्याच. गोठे रिकामे झाले, शेणखत उरले नाही, अमळनेर-शिंदखेड्याच्या कोरडवाहू रानात हे जंतू आधीच अर्धपोटी आहेत. पहिल्या जोरदार पावसात बांध फुटला की माती नाल्याने पांझरा-बोरीत जाते. तिथे डाफ्निया नावाचा बारीक जीव असतो, माशांच्या पिलांचे खाणे. त्याला मारायला लिटरमागे काही मायक्रोग्रॅम चांदी पुरते.

खरे तेही सांगतो. जमिनीतल्या गंधकाशी जुळून चांदीचा जोर बराच कमी होतो; घरातले तोडे काळे पडतात तसेच. पण चांदी धातू आहे, ती कुजत नाही, शेतातच साठते. दरसाल फवारली तर दहा वर्षांनी काळ्या जमिनीत काय होईल, याचा प्रयोग कोणी करायचा? कंपनीने की आपण, स्वतःच्या खर्चाने?

आणि मरीचे म्हणाल, तर ती आणणारी बुरशी फ्युजेरियम ऑक्सिस्पोरम. याच जातीची बुरशी चांदीच्या क्षारापासून स्वतःच नॅनो कण बनवते, हे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी 2003 साली दाखवले. जी चांदी घडवते, तिला चांदीची धमकी! बोंडअळीचा तर इथे संबंधच नाही, तरी विकणारा तिचेही नाव घेतो.

अमेरिकेत जंतू मारण्यासाठी चांदीचे आयन सोडणारे कपडे धुण्याचे मशीनसुद्धा कीटकनाशक म्हणून नोंदवा, असे तिथल्या पर्यावरण खात्याने 2007 साली बजावले. तिथे सदऱ्याची एवढी काळजी, इथे शेताची नाही? आपल्याकडे 1968 चा कीटकनाशक कायदा आहे, त्यात बुरशीनाशकेही येतात. नॅनो निविष्ठा कशा तपासाव्यात याच्या मार्गदर्शक सूचना केंद्राने 2020 साली काढल्या. त्या सूचनाच. बाटली मात्र गावात पोचली.

2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशी फवारताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ते विष चांदीचे नव्हते. पण दोष कोणाच्या माथी आला? तोंडाला फडके बांधले नाही म्हणून फवारणाऱ्याच्याच! उद्या जमीन नापीक झाली तर 'तुम्हीच जास्त टाकले' हे उत्तर तयार असेल.

म्हणून बाटलीवर नोंदणी क्रमांक आणि विषाच्या रंगाची खूण नसेल, तर ती घेऊ नका, उधारीवरही नाही. घेतली असेल तर पक्की पावती मागा. जळगाव आणि धुळे, दोन्ही जिल्ह्यांच्या कृषी अधीक्षकांना आम्ही लेखी विचारणार आहोत: काळ्या जमिनीतल्या जंतूंवर या मालाची चाचणी कोणी, कुठे, किती हंगाम घेतली? बैठकीला येताना रिकाम्या बाटल्या सोबत आणा, लेबल फाडू नका.