कचऱ्याची पिशवी कोणी धरायची?

संध्याकाळी तैपेईच्या एखाद्या गल्लीत बीथोव्हेनची 'फ्युर एलिझे' ही धून वाजू लागली, की घराघरांतून माणसं पायात सपाता अडकवून लगबगीने खाली उतरतात. कोणाच्या हातात पिशवी, कोणाच्या हातात बादली. आजोबा, कॉलेजची मुलं, नुकतीच ऑफिसातून आलेली बाई, सगळे फुटपाथच्या कडेला उभे राहतात. तेवढ्यात वळणावरून पिवळा ट्रक येतो आणि धून त्याच्याच कर्ण्यातून वाजत असते. हा कचऱ्याचा ट्रक. तैवानमधले काही ट्रक बीथोव्हेन वाजवतात, तर काही तेक्ला बोंदाझेफ्स्का या पोलिश संगीतकार बाईंची १८५६ साली वॉर्सामध्ये छापलेली पियानोची रचना वाजवतात. बीथोव्हेनची धून ट्रकवर कशी चढली याच्या दोन गोष्टी तिथे सांगतात. एका गोष्टीत आरोग्य खात्याच्या अधिकाऱ्याची मुलगी घरी पियानोचा रियाज करत होती आणि त्याला ती धून आवडली. दुसऱ्या गोष्टीत ट्रकच परदेशातून ती धून पोटात घेऊन आले. तैवानमध्ये वाढलेल्या मुलांना मात्र बीथोव्हेन म्हटलं की आधी कचराच आठवतो.

यामागे एक कडक नियम आहे. कचरा जमिनीला टेकता कामा नये, असं धोरण तैपेईने १९९०च्या दशकात आणलं. कोपऱ्यावरची कचराकुंडी गेली. पिशवी घरच्या माणसाने खाली आणायची आणि ट्रकमध्ये स्वतः टाकायची. २००० सालापासून ही पिशवीही महापालिकेचीच, निळ्या रंगाची आणि विकत घ्यायची. कचरा उचलण्याचा खर्च तिच्या किमतीतच धरलेला असतो. मागून येणारा दुसरा ट्रक कागद, बाटल्या, डबे फुकट नेतो, म्हणून निळी पिशवी लवकर भरू नये याची घरोघरी धडपड चालते. उष्टंखरकटं वेगळं द्यायचं आणि त्यातही शिजलेलं एकीकडे, कच्चं दुसरीकडे. शिजलेलं अनेक वर्षं डुकरांच्या खाद्यात जात आलं, कच्च्याचं खत होतं. बुधवारी आणि रविवारी ट्रक येत नाही. त्यामुळे मासळी खाणाऱ्या अनेक घरांत माशाची डोकी आणि काटे पिशवीत बांधून फ्रीझरमध्ये ठेवतात आणि ट्रकच्या दिवशी बाहेर काढतात. ट्रक चुकला तर स्कूटर काढून पुढच्या थांब्यावर गाठायचा. बसच्या मागे धावणारी माणसं जगात सगळीकडे दिसतात, पण कचऱ्याच्या गाडीमागे इतक्या जिवाच्या आकांताने धावणारी माणसं पाहावीत ती तैवानमध्येच.

दक्षिण कोरियातही १९९५ पासून कचरा मोजून पैसे घेण्याची पद्धत आहे. तिथल्या बऱ्याच इमारतींत उष्ट्याचा डबा कार्ड दाखवल्यावरच उघडतो, वजन करतो आणि त्याप्रमाणे पैसे लावतो. कोंबडीची हाडं, अंड्याची टरफलं, नारळाची करवंटी या डब्यात चालत नाहीत. जनावराला खाता येईल तेच अन्न, हा तिथला ढोबळ हिशेब.

जपानला चेरीचा बहर पाहायला गेलेल्या मराठी सहलींना पहिला धक्का फुलांचा बसत नाही, कचऱ्याच्या डब्याचा बसतो. डबाच सापडत नाही! मार्च १९९५ मध्ये टोकियोच्या भुयारी रेल्वेत सरीन वायूचा हल्ला झाला आणि त्यानंतर सार्वजनिक जागांतले डबे मोठ्या प्रमाणात काढून टाकण्यात आले. ते पुरतेपणी परत आलेच नाहीत. चकलीचं, चिवड्याचं, खाकऱ्याचं रिकामं पाकीट मग दिवसभर पर्समध्ये फिरतं आणि रात्री हॉटेलच्या खोलीत मोकळं होतं. जपानी माणूस तेच करतो, फक्त तो ते घरी नेतो. शाळेत असताना वर्गाचा केर मुलांनीच काढायचा असतो, त्यामुळे ही सवय त्याच्या अंगवळणी पडलेली असते. २०२२ च्या कतारमधल्या फुटबॉल विश्वचषकात सामना संपल्यावर जपानी प्रेक्षक पिशव्या काढून स्टेडियम साफ करत होते, ते साऱ्या जगाने पाहिलं.

घरी पोचल्यावर खरी परीक्षा असते. योकोहामा शहराने २०००च्या दशकाच्या मध्याला वर्गीकरणाचे प्रकार वाढवून दहा केले, तेव्हा नागरिकांच्या हाती २७ पानांची पुस्तिका दिली होती. तिच्यात ५१८ वस्तूंची नोंद होती. मोज्याचंच पाहा. एकच मोजा उरला असेल तर तो जाळण्याच्या कचऱ्यात. जोडी असेल तर जुन्या कापडात, पण मोजे फाटलेले नसावेत आणि डावा-उजवा एकमेकांचे असावेत! आपल्याकडच्या बोहारणीने हे वाचलं असतं तर तिला ते शंभर टक्के पटलं असतं. तीही पँट उन्हात धरून झिरझिरीत झालीय का ते पाहायची, काठाची जर चिमटीत चोळायची आणि मगच स्टीलचा डबा पुढे सरकवायची. योकोहामाच्या पालिकेने तिचीच नजर पुस्तिकेत छापली.

शिकोकू बेटावरचं कामिकात्सू हे जेमतेम दीड हजार वस्तीचं गाव आणखी पुढे गेलं. २००३ मध्ये त्याने शून्य कचऱ्याचा जाहीरनामा काढला. गावात कचऱ्याची गाडीच फिरत नाही. लोक आपापला कचरा केंद्रावर आणतात आणि चाळीसहून जास्त प्रकारांत वेगळा करतात. तिथली नवी इमारत वरून पाहिली तर प्रश्नचिन्हाच्या आकाराची दिसते आणि तिच्यातल्या हॉटेलात उतरलेल्या पाहुण्यांनाही आपला कचरा वेगळा करावा लागतो.

जर्मनीत नोकरी-शिक्षणासाठी गेलेल्या मराठी मंडळींची गाठ पडते ती बाटलीशी. १ जानेवारी २००३ पासून एकदाच वापरायच्या बहुतेक बाटल्या आणि कॅन यांवर २५ सेंट अनामत द्यावी लागते. रिकामी बाटली दुकानातल्या यंत्राच्या तोंडात सरकवली, की यंत्र ती तपासून गिळतं आणि शेवटी चिठ्ठी देतं. वीस बाटल्यांचे पाच युरो म्हणजे विद्यार्थ्याचा एका वेळचा भाजीबाजार. साहजिकच पार्टी संपल्यावर रिकाम्या बाटल्यांना मालक पुष्कळ निघतात. ज्यांना या पैशांची गरज नाही असे लोक बाटली डब्यात न टाकता डब्याशेजारी उभी करून ठेवतात, म्हणजे बाटल्या गोळा करून गुजराण करणाऱ्यांना कचऱ्यात हात घालावा लागत नाही. जर्मन शिस्तीचं कौतुक करणाऱ्या आपल्या प्रवासवर्णनांत ही गोष्ट क्वचितच येते. खरं कौतुक तिचंच व्हायला हवं. अनामत नसलेली काच मात्र रंगाप्रमाणे पांढऱ्या, हिरव्या, तपकिरी टाक्यांत टाकायची, आणि रविवारी टाकायची नाही. काच फुटल्याच्या आवाजाने शेजाऱ्यांच्या सुट्टीचा भंग होतो.

आता पुण्याकडे यावं, कारण मराठी घराला यातलं काहीच नवखं नाही. दुधाच्या पिशव्या धुऊन वाळत घालणारं, रद्दीवाल्याच्या तागडीवर डोळा ठेवणारं हे घर आहे. कोरियन किंवा तैवानी माणूस कचरा देण्यासाठी पैसे मोजतो, आपण रद्दी देऊन पैसे घेतो. एवढी काटकसर अंगात असलेला समाज ओल्या-सुक्यापाशीच अडखळतो, कारण विकाऊ वस्तू संपल्या की पुढचा कचरा आपला आहे असं त्याला वाटत नाही. तो दाराबाहेर ठेवला की दुसऱ्या कोणाचा तरी होतो.

ही दुसरी कोणी म्हणजे बहुतेक वेळा दलित कष्टकरी बाई. पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली ती याच बायांची. कष्टकऱ्यांचे नेते बाबा आढाव त्यांच्या पाठीशी होते. पुढे त्यातून 'स्वच्छ' ही सहकारी संस्था निघाली आणि २००८ मध्ये तिने महापालिकेशी करार केला. कुंड्या उपसणाऱ्या बाया ओळखपत्र घेऊन दारोदार कचरा गोळा करू लागल्या. घरटी महिन्याचं शुल्क आणि सुक्या कचऱ्याची विक्री ही त्यांची कमाई. वापरलेले सॅनिटरी पॅड उघडे हाताळावे लागू नयेत म्हणून कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा, एवढंच त्या मागत होत्या. २०१३ मध्ये तर त्यांनी असे पॅड पोत्यांत भरून ते बनवणाऱ्या कंपन्यांकडे परत पाठवले. तुमचा माल, तुम्हीच सांगा याचं काय करायचं! योकोहामाच्या २७ पानांत असा रोखठोक सवाल सापडणार नाही.

केंद्र सरकारच्या २०१६ च्या नियमांनी ओला, सुका आणि घातक असा तिहेरी कचरा घरातच वेगळा करणं बंधनकारक केलं. तरीही कित्येक सोसायट्यांच्या सर्वसाधारण सभेत लिफ्टच्या आरशाचा खर्च पाच मिनिटांत मंजूर होतो आणि कचरावेचक ताईंचे महिन्याचे दहा-वीस रुपये वाढवायचे की नाही यावर तासभर खल चालतो. तैपेईत प्राध्यापक असो की दुकानदार, बीथोव्हेन वाजला की स्वतः पिशवी घेऊन खाली येतो. आपल्याकडे रोज सकाळी दारावर येणाऱ्या ताईंना खाली येणारं माणूस नको आहे. त्यांना दोन वेगळे डबे हवेत, लाल ठिपक्याचं पुडकं हवं आणि ठरलेलं शुल्क पाच तारखेच्या आत हवं. पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेत हे तीन मुद्दे लिफ्टच्या आधी घ्यावेत.