नांवाचें अक्षर

हल्लीं शाळेचे दाखले, सातबाराचे उतारे व परीक्षांचे निकाल हे सर्व संगणकाच्या डेटाबेसांत सांठविले जातात. तेव्हां नांव कसें लिहावें, हा प्रश्न आतां केवळ शुद्धलेखनाचा राहिलेला नाहीं, असें आमचें मत आहे.

यंत्र अक्षर जाणत नाहीं; तें जाणतें अक्षराचा अंक. इंग्रजी मोठ्या 'ए'चा अंक ६५ व लहान 'ए'चा ९७. म्हणून इंदापूर हें नांव रोमन लिपींत एकदां मोठ्या व एकदां लहान अक्षरांनीं लिहिलें, तर माणसास गांव एकच दिसतें. यंत्रास मात्र तीं दोन वाटूं शकतात. मायएसक्यूएल या प्रणालींत डेटाबेसाचीं अशीं दोन नांवें विंडोजवर एकच मानलीं जातात, आणि लिनक्सवर सामान्यतः निराळीं. एका यंत्रावर सुरळीत चाललेलें काम दुसऱ्यावर अडतें, तें पुष्कळदां यामुळेंच.

आपल्या देवनागरींत लहानमोठीं अक्षरें नाहींत. परंतु म्हणून निर्धास्त राहूं नये. 'इंदापूर', 'इंदापुर' व 'इन्दापूर' यांचे अंक निरनिराळे आहेत. ऱ्हस्वदीर्घाची हयगय पूर्वीं गुरुजींची छडी खाऊन मिटे. आतां ती एका दाखल्याशीं दुसरा दाखला जुळूं देत नाहीं.

देवनागरीस युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तींत, १९९१ सालीं, स्थान मिळालें. मोडीस २०१४ पर्यंत थांबावें लागलें. यूटीएफ-८ पद्धतींत देवनागरीचें एकेक चिन्ह तीन बाइट घेतें व मोडीचें चार. मायएसक्यूएलच्या जुन्या 'यूटीएफ८' संचांत तीनांहून अधिक मावत नसत; चारांची सोय २०१० सालीं झाली. डेटाबेसाचें नांव तर त्या प्रणालींत आजही मोडींत ठेवतां येत नाहीं. मोरोपंतांच्या बारामतीकडील जुने कागद संगणकांत उतरवूं पाहणाऱ्यांनीं हा फरक आधींच ध्यानांत घेतला पाहिजे.

यावरून आम्हांस दोन गोष्टी सुचवावयाच्या आहेत. डेटाबेसाचें नांव ही यंत्राची सोय आहे. तें सर्वत्र लहान रोमन अक्षरांतच ठेवावें, म्हणजे घोटाळा उरत नाहीं. मुलाचें नांव ही मात्र यंत्राची सोय नव्हे. तें आईबापांनीं ठेविलें तसें, देवनागरींत व पूर्ण अक्षरांनीं सांठविलें जावें. आणि पालकांनींही तें शाळेंत घालतांना एकदां नीट ठरवून पुढें प्रत्येक कागदावर तसेंच लिहावें. माणसानें यंत्रास अक्षर शिकवावें; यंत्रासाठीं आपलें अक्षर टाकूं नये.